खाड्यांची वही

कामावर न गेलेल्या दिवसाला आमच्या सोलापुरात खाडा म्हणतात. हा शब्द इथल्या लहान पोरालाही कळतो. ज्याच्या घरात कोणी ना कोणी गिरणीत, यंत्रमागावर किंवा विडी कारखान्यात राबलंय, त्याला 'खाडा पडला' म्हणजे त्या आठवड्यात घरी किती कमी येणार, हेही कळतं.

मी घरी बसून काम करते. मराठी भाषांतर, मुद्रितं तपासणं, अहवालांची आणि पुस्तकांची मांडणी. माझी हजेरी मांडणारा कोणी नाही, म्हणून मीच एका वहीत मांडते. काम झालं की तारखेपुढे किती पानं झाली ते लिहायचं, नाही झालं तर खाडा. अलीकडेच एका कॉलेजात 'फ्रीलान्सिंगमध्ये सातत्य कसं ठेवावं' या विषयावर मुलांशी बोलायचं होतं. तयारी म्हणून २०२३ची वही काढून बसले. वाटलं होतं, आपले खाडे वर्षभर विखुरलेले असतील. कधी आळस, कधी पाहुणे, कधी ताप. तसं नव्हतं. जून, जुलै, ऑगस्ट मिळून पाच खाडे आणि एकट्या सप्टेंबरात अकरा.

आधी वाटलं, गणपतीचा महिना. पण त्या वर्षी गणपती बसले १९ सप्टेंबरला आणि माझे खाडे सुरू झाले चार तारखेपासून. मग वहीची मागची पानं उघडली. तिथे मी बिलांच्या तारखा लिहिते. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका मोठ्या कामाचं बिल दिलं होतं, माझ्या तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढं. त्यापुढे जुलैत 'फोन केला', ऑगस्टमध्ये 'फोन केला, अकाउंटवाले सुट्टीवर', सप्टेंबरात 'फोन केला' चार वेळा. पैसे आले नोव्हेंबरात.

मधल्या काळात काय झालं, ते वहीवरून नीट जुळवता येतं. ऑगस्टच्या शेवटी इन्व्हर्टरची बॅटरी बसली. नवी घ्यायला हातात पैसे नव्हते. दुपारी वीज गेली की लॅपटॉप तासाभरात बंद. हाती मोठं भाषांतर होतं, पण त्याचे पैसे काम संपल्यावर मिळणार होते. घरात किराणा आजच लागतो. म्हणून मी दोनपाचशेची कामं घेत सुटले. एक लग्नपत्रिका, एका सोसायटीच्या सभेची नोटीस, कोणाचा तरी बायोडाटा. ती रात्री उशिरापर्यंत करायची, सकाळी डोळे जड, मोठं काम पुढच्या दिवसावर. असे अकरा दिवस. त्या मोठ्या कामाला उशीर झाला आणि ज्यांचं काम होतं त्यांनी मला सुनावलं, "मॅडम, तुमच्यात सातत्य नाही."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसलं होतं. वही पाहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं की ते चूक होतं. निदान अर्धं तरी चूक होतं.

फ्रीलान्सरच्या सातत्याबद्दल आज जे काही बोललं जातं, ते सगळं त्या एकट्या माणसाला उद्देशून असतं. पहाटे पाचला उठा, मोबाइल दूर ठेवा, वेळापत्रक भिंतीवर लावा, मनाला शिस्त लावा. जणू सातत्य हा रक्तातला गुण आहे, ज्याच्यात आहे तो तरेल, नाही तो बुडेल. माझं म्हणणं वेगळं आहे. काम करणाऱ्याचं सातत्य बऱ्याच अंशी मजुरीच्या सातत्यावर उभं असतं. मजुरी कधी येणार ते ठरलेलं असलं की काम कधी करायचं ते ठरवता येतं. मजुरीची तारीख लावून देणं हे एकट्यादुकट्याच्या शिस्तीने होणारं काम नव्हे, ते समाजाचं आणि सरकारचं काम आहे. सोलापूरने हे एकदा फार जवळून पाहिलेलं आहे, म्हणून सोलापूरच्या माणसाने तरी हे विसरू नये.

आमचं घर कन्ना चौकाच्या मागच्या बोळात. शेजारी अक्का राहतात. तेलुगू बोलणारं पद्मशाली कुटुंब, घरातले पुरुष मागावर, अक्का विड्या वळायच्या. तीस-पस्तीस वर्षं वळल्या. मी शाळेत असल्यापासून त्यांना उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून, मांडीवर सूप घेऊन बसलेलं पाहिलंय. रात्री त्या पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. सकाळी पत्र्याचं माप ठेवून कात्रीने पान कापायचं, चिमटीने तंबाखू भरायची, बोटांनी वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. हजार विड्या हा दिवसाचा आकडा. कोणी पाहुणे आले तरी त्या बोलता बोलता वळायच्या, नजर सुपाकडे नसली तरी बोटं थांबायची नाहीत.

सातत्याचं उदाहरण द्यायचं तर आमच्या बोळात याहून मोठं उदाहरण नाही. म्हणून त्या कॉलेजच्या भाषणाआधी मी अक्कांना सहज विचारलं, "अक्का, इतकी वर्षं रोज कसं जमवलंत? कधी कंटाळा नाही आला?"

त्यांनी थोडा विचार केला. म्हणाल्या, "कंटाळा काय रोजच यायचा की. पण आठवड्याचा पगार ठरलेल्या दिवशी मिळायचा ना पोरी. एकदा मिळाला नव्हता, दोन आठवडे. तेव्हा हातच चालत नव्हते बघ. पानं भिजवून ठेवलेली तशीच वाळून गेली."

मी अपेक्षा केली होती देवावरच्या श्रद्धेची, कष्टाच्या सवयीची. त्यांनी पगाराचा दिवस सांगितला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. विडीच्या धंद्याचं कौतुक करावं असं त्यात काही नाही. तंबाखूच्या धुळीने छाती पोखरते, पाठ वाकते, मजुरी कधीच पुरेशी नव्हती. अक्कांनी स्वतःच्या मुलीला सुपाला हात लावू दिला नाही आणि ते योग्यच केलं. मी सांगते ते एवढंच की, घरी बसून, नगावर, मालकाच्या नजरेआड काम करणाऱ्या बाईची मजुरी कशी बांधायची हा प्रश्न या देशात आधी एकदा येऊन गेला आहे आणि त्याचं उत्तरही एकदा देऊन झालं आहे.

१९६६ साली विडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा झाला. त्यात कारखान्यात बसणाऱ्याबरोबर घरी बसून वळणारीही धरली. वीस दिवस कामाला एक दिवस भरपगारी रजा आणि बाळंतपणाचा लाभ घरी वळणाऱ्या बाईलाही, असं त्यात आलं. पुढे भविष्य निर्वाह निधी लागू झाला तेव्हा मालकांनी युक्तिवाद केला की या बायका आमच्या कामगारच नव्हेत. त्या त्यांच्या घरी, त्यांच्या वेळेला, हव्या तेवढ्या वळतात, आम्ही त्यांच्यावर देखरेख ठेवत नाही. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं की, विड्या तपासून नापसंत करण्याचा अधिकार मालकाकडे आहे, तो अधिकार हीच पुरेशी देखरेख.

सोलापुरात अशा नापसंत विडीला छाट म्हणतात. घरातून हजार विड्या नेल्या आणि कारखान्यात त्यातल्या पाऊणशे छाट काढल्या की पाऊणशेची मजुरी गेली, पान आणि तंबाखू गेली आणि पुन्हा वळायला वेळ गेला तो वेगळाच. छाटीवरून किती भांडणं व्हायची, ते आमच्या बोळातल्या बायकांना विचारा. म्हणून या कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांत मर्यादा घातली गेली, सर्वसाधारणपणे शंभरात पाचाहून अधिक विड्या छाट काढता येणार नाहीत. हे कागदावरचं होतं आणि कागद पाळायला लावण्यासाठी लाल बावट्याखाली या बायकांना किती मोर्चे काढावे लागले, ते सोलापूरने पाहिलं आहे. तरी कागद होता म्हणून मोर्चाला बोट ठेवायला जागा होती.

आता माझ्या धंद्याकडे या. आमच्याकडे छाटीला 'करेक्शन' म्हणतात.

एका पुस्तिकेची मांडणी मी केली होती, बत्तीस पानी. ठरलेले पैसे ठरलेल्या पानांचे. पहिलं करेक्शन आलं, रास्त होतं, केलं. दुसऱ्यात त्यांनी मजकूरच बदलून पाठवला. तिसऱ्यात मुखपृष्ठाचा रंग, चौथ्यात साहेबांचा फोटो मोठा, पाचव्यात साहेब बदलले म्हणून फोटोही बदलला. सात वेळा फाईल गेली आणि आली. शेवटी मी विचारलं की जास्तीच्या कामाचं काय, तर उत्तर आलं, "अजून फायनल कुठे झालंय?" फायनल झाल्याशिवाय बिल नाही आणि फायनल कधी म्हणायचं ते त्यांच्या हातात. बत्तीस पानांच्या त्या कामाने माझे दोन महिने खाल्ले. दुसरी तीन कामं मागे पडली आणि त्या तिघांनाही मी अनियमित वाटले असणार.

विडीवालीसाठी शंभरात पाच ही मर्यादा सुचली, कारण छाटीला हद्द नसेल तर मजुरीला अर्थ राहत नाही, हे कोणाला तरी पटलं होतं. भाषांतर करणारी, चित्रं काढणारा, व्हिडिओ कापणारा, हिशेब लिहिणारा, कोड लिहिणारा, यांच्या छाटीला आज हद्द नाही.

कायदा अगदीच नाही असंही नाही. उलट एक फार चांगला कायदा आहे आणि तो आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात सेवा देणारा एकटा माणूसही सूक्ष्म उद्योग म्हणून बसतो. 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन होते, फुकट होते, आधार आणि पॅनवर होते. मग ज्याने तुमचं काम घेतलं त्याने लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. दाद मागायला राज्यात सुविधा परिषदा आहेत आणि त्यांनी प्रकरण नव्वद दिवसांत निकाली काढावं असं कायदाच सांगतो. भर म्हणून २०२३ साली आयकर कायद्यातही दुरुस्ती झाली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदत उलटूनही वर्षअखेर थकले असतील तर तो खर्च त्या वर्षी उत्पन्नातून वजा धरता येत नाही. २०२४च्या मार्चमध्ये कापड बाजारांत यावरून केवढी कुरकुर झाली. कुरकुर झाली म्हणजे कलमाला धार आहे.

मग मी २०२३च्या सप्टेंबरात हे का केलं नाही? नोंदणी नव्हती, हे पहिलं कारण. ती माझी चूक, काम घेण्याआधीच ती करून ठेवायला हवी होती. दुसरं कारण जास्त खरं आहे. ज्याच्याकडून पुढचं काम हवं त्याच्याविरुद्ध परिषदेत कोण जातं? आठ-दहा हजारांच्या बिलासाठी अर्ज, कागद, तारखा कोण करतं? विडीवाली एकटी असती तर तीही गेली नसती. ती गेली कारण तिच्याबरोबर हजारो होत्या. आम्ही एका गल्लीत राहूनही एकमेकांना ओळखत नाही. माझ्याच बोळात आणखी दोन मुलं घरून काम करतात, हे मला दोन वर्षांनी इंटरनेटवाल्याकडून कळलं.

नवी सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ला अमलात आली. तिने 'गिग कामगार' हा शब्द पहिल्यांदा केंद्राच्या कायद्यात आणला. मालक-नोकर नात्याबाहेर काम करून कमावणारा, अशी त्याची व्याख्या आहे, म्हणजे शब्दार्थाने मीही त्यात बसते. पण अशा कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठीचा निधी येणार तो ॲपवाल्या कंपन्यांकडून, त्यांच्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के. खाणं पोचवणाऱ्या, गाडी चालवणाऱ्या मुलांना त्यातून काही मिळालं तर ते हवंच आहे. ज्याच्यामागे ॲप नाही, ज्याची आज पुण्यातली पार्टी, उद्या इचलकरंजीतली, परवा इथलीच शाळा, त्याच्यासाठी त्या निधीत कोण पैसे टाकणार? नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात २०२०-२१ मधल्या गिग कामगारांची संख्या ७७ लाख धरली आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज दिला. यातले सगळे डिलिव्हरीवाले असणार नाहीत.

तारखेला पैसे द्या म्हणण्याला होणारा विरोधही मी ऐकलेला आहे आणि तो खोटा नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत वडिलांच्या ओळखीचे एक काका टॉवेल काढतात. त्यांच्या लेबलांचं आणि खोक्यांवरच्या मजकुराचं काम मी करते. एकदा पैशांचं विचारलं तर त्यांनी मला समोर बसवून स्वतःचीच वही दाखवली. म्हणाले, "हे बघ बाळ, मुंबईचा व्यापारी मला नव्वद दिवसांनी देतो, कधी एकशेवीस. सूतवाल्याला मला आधी द्यावं लागतं, नाहीतर माग बंद. तुला पंधरा दिवसांत कुठून देऊ?"

त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि त्यांच्या वहीतले आकडे खरे आहेत. पण नीट पाहिलं तर त्यांच्या बोलण्यातच उत्तर आहे. सूतवाल्याला ते आधी देतात, कारण तो माल अडवू शकतो. विजेचं बिल वेळेवर भरतात, कारण वीज तुटते. उशीर खाली खाली सरकत जातो आणि ज्याला काहीच अडवता येत नाही त्याच्यापाशी येऊन थांबतो. काकांना बँकेची कॅश क्रेडिट आहे, नव्वद दिवस काढायला आधार आहे. मला नाही. उधारीचा सगळा भार साखळीतल्या सगळ्यात हलक्या कडीवर टाकायचा आणि ती वाकली की तिला शिस्त नाही म्हणायचं, हे मला मान्य नाही. काकांचे तीन-चार हजार वेळेवर आले तर त्यांचा कारखाना अडत नाही, पण माझा महिना सुटतो.

दुसरा आक्षेप असतो की तुम्ही स्वातंत्र्य निवडलंत, आता खात्री कशाला मागता. किराणा दुकानदारही स्वतंत्रच असतो, त्याच्याकडून साखर नेऊन पाच महिने पैसे बुडवावेत असं कोणी म्हणत नाही. मी पेन्शन मागत नाही. केलेल्या कामाचे पैसे तारखेला मागते.

तर काय व्हावं? सुरुवात सरकारी कार्यालयांनी, महापालिकेने, शाळा-कॉलेजांनी स्वतःपासून करावी, कारण माझ्या वहीतल्या सगळ्यात लांब उधाऱ्या खासगी नाहीत. बाहेरच्या एकट्या माणसाकडून करून घेतलेल्या छोट्या कामाचं बिल फाईलमध्ये सह्यांच्या रांगेत उभं राहू नये, त्याला वेगळी वाट असावी. दुसरं, सुविधा परिषदेपर्यंत न जाता पन्नास हजारांच्या आतली तक्रार जिल्हा उद्योग केंद्रातच ऐकली जावी, एका कागदावर, वकिलाशिवाय. न्यूयॉर्क शहराने २०१७ पासून फ्रीलान्सरसाठी वेगळा कायदा लागू केला, आठशे डॉलर किंवा त्याहून जास्तीच्या कामाला लेखी करार सक्तीचा आणि तारीख ठरली नसेल तर काम संपल्यापासून तीस दिवसांत पैसे. तिथे जमतं तर त्याहून कडक मुदत ज्या देशाच्या कायद्यात आधीच लिहिलेली आहे तिथे ती पाळून घेणं अशक्य का असावं? आणि तिसरं, करेक्शनची हद्द. कामाच्या कागदावर लिहावं, दोन फेऱ्या ठरलेल्या पैशांत, तिसरीपासून वेगळे. हे मी गेल्या वर्षापासून लिहायला लागले. दोघांनी काम दिलं नाही. बाकीच्यांनी दिलं आणि गंमत म्हणजे त्यांची करेक्शनं एका फेरीतच एकत्र यायला लागली.

एवढं म्हटल्यावर आपल्या बाजूचं अर्धं राहतंच आणि त्यावर न बोलणं अप्रामाणिकपणा होईल. ऑगस्टपर्यंतचे पाच खाडे माझे होते, ते कोणाच्या बिलावर ढकलता येणार नाहीत.

'रोज ठरलेल्या वेळी बसा' हा सल्ला मी पुण्यात असताना पाळला. सोलापूरला परत आल्यावर तो पहिल्याच आठवड्यात मोडला. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. उजनी भरलेली असली तरी आमचा नळ कोरडा असतो. पाण्याचा दिवस असला की घरातल्या प्रत्येकाचं वेळापत्रक पाणी ठरवतं. कधी पहाटे, कधी रात्री अकराला. टाकी, पिंपं, हंडे भरायचे, मोटर लावायची, कपडे त्याच दिवशी. मे महिन्यात दुपारी पत्र्याखालच्या खोलीत बसवत नाही, ते वेगळंच. अशा गावात तासांवर बांधलेलं सातत्य टिकत नाही आणि ते मोडलं की माणूस स्वतःला दोष देत सगळंच सोडून देतो. मी दिलं होतं, दोनदा.

अक्का घड्याळ पाहत नव्हत्या. त्या मोजत होत्या नग आणि हिशोब होता आठवड्याचा. पाण्याच्या दिवशी सातशेच व्हायच्या, दुसऱ्या दिवशी बाराशे करून त्या भरून काढायच्या. गड्ड्याची जत्रा लागली की संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात त्या जास्तीच्या वळून ठेवायच्या, म्हणजे पोरांना होम मैदानावर नेता यायचं. हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मी सातत्याचे धडे भलत्याच ठिकाणी शोधत होते. आता माझा आकडा आठवड्याचा आहे, भाषांतराची चाळीस पानं. कोणत्या दिवशी किती, ते आठवड्यावर सोडते.

दुसरी गोष्ट पानं भिजवण्याची. विडीचं पान सकाळी भिजवून लगेच वळता येत नाही, कोरडं पान तडकतं. रात्रीच तयारी लागते. म्हणजे उद्याचं काम आज रात्री सुरू झालेलं असतं, सकाळी फक्त बसायचं असतं. माझे बरेचसे खाडे 'आज कुठून सुरुवात करू' यात गेलेले होते. आता रात्री लॅपटॉप बंद करण्याआधी मी पुढच्या पानांची फाईल उघडून, अडणारे शब्द कोशात पाहून, बाजूला लिहून ठेवते. दहा-पंधरा मिनिटं लागतात. सकाळी मन नको म्हणत असलं तरी पहिलं वाक्य तयार असतं आणि पहिल्या वाक्यामागे दुसरं येतं.

आणि जागा. हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो, विशेषतः मुलींसाठी. घरी बसून काम करणारी मुलगी ही सगळ्यांच्या लेखी रिकामी असते. सिलेंडर आला तर ती उठणार, पाहुण्यांना चहा तीच करणार. विड्या वळणाऱ्या बायका बऱ्याचदा चौघी-पाचजणी एकीच्या ओसरीवर जमून वळायच्या, हे मी पाहिलं आहे. त्यात गप्पांचा भाग होता तसाच हाही होता की ओसरीवर बसलेल्या बाईला घरातून सारखी हाक येत नाही. आज सोलापुरात स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या संस्थेत बसून तयारी केलेली मुलं अधिकारी झाल्याचं आपण अभिमानाने सांगतो. तशाच खोल्या काम करणाऱ्यांसाठी का नकोत? महापालिकेच्या शाळांच्या कितीतरी खोल्या दुपारनंतर कुलुपात असतात. एक खोली, वीज, इन्व्हर्टर, चालणारं इंटरनेट, पिण्याचं पाणी आणि मुलींसाठी स्वच्छतागृह. महिन्याला थोडं शुल्क ठेवा, आम्ही देऊ. तिथे रोज वीस माणसं एकमेकांशेजारी बसली की कोणाचे पैसे कोणी थकवले ते विसांना कळेल आणि मग अर्ज करायला एकटं जावं लागणार नाही.

पुण्याला जाणाऱ्या गाड्या इथून भरून जातात. त्यातल्या कितीतरी मुलांचं काम इथे बसून होण्यासारखं आहे. ती जातात ते पगाराच्या तारखेसाठी. आईवडील "निदान एक तारखेला पैसे तरी येतील" म्हणून पाठवतात आणि त्यांचं चुकत नाही. ज्या गावात गिरण्या बंद पडलेल्या आपण पाहिल्या, त्या गावातल्या आईबापांना तारखेची किंमत सांगावी लागत नाही.

त्या कॉलेजात मी शेवटी हेच बोलले. पहाटेचं, ध्यानाचं, इच्छाशक्तीचं काही सांगितलं नाही. उद्यम नोंदणी कशी करायची ते फळ्यावर लिहून दाखवलं, बिलावर तारीख आणि मुदत कशी लिहायची ते दाखवलं, माझी वही फिरवली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने वहीतला सप्टेंबर बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ताई, त्या अकरा दिवसांचे पैसे तुम्हाला कोणी दिले?"

मी म्हटलं, "कोणीच नाही."

२०२३च्या जूनमधल्यासारखं एक बिल आत्ताही अडकलेलं आहे. आज त्याचा एकोणतिसावा दिवस. यावेळी त्यावर मुदत लिहिलेली आहे, नोंदणी क्रमांक आहे, व्याजाचं कलमही आहे. पंचेचाळीस भरले की अर्ज जाईल. बोळातल्या त्या दोन मुलांनाही विचारलं आहे, त्यांचीही थकलेली आहेत, तिघं मिळून जाऊ. उद्याची पानं मी आताच काढून ठेवली आहेत. पाण्याचा दिवस आहे, म्हणून तीनच.